टोमॅटो राहू द्या, टेप आणा

सप्टेंबर हा प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरच्या जागृतीचा महिना. मुंबईत तो बहुतेकदा गणपतीच्या आगेमागेच येतो, त्यामुळे मंडळाच्या आरोग्य शिबिरापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच वाद दरवर्षी नव्याने रंगतो. एका बाजूला स्वयंपाकघरवाले असतात. टोमॅटोचं सूप प्या, भोपळ्याच्या बिया खा, दूध तोडा, व्हिटॅमिन ई सुरू करा, प्रोस्टेट तुमच्या वाटेला जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला नशीबवाले. आमचे आजोबा बिड्या ओढत नव्वदीला टेकले आणि समोरच्या बिल्डिंगमधले निर्व्यसनी, शाकाहारी काका मात्र अडकले, तेव्हा सगळं जीन्समध्ये असतं, पथ्यपाणी उगाच. दोन्ही पक्ष तावातावाने भांडतात, पण प्रश्न दोघांचाही एकच आहे: काय खाल्लं म्हणजे हा कॅन्सर होणार नाही?

माझ्या मते हा प्रश्नच फसवा आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर होऊच देणार नाही असा एकही पदार्थ आज ठाऊक नाही. मात्र झालेला कॅन्सर जीवावर उठेल की कोपऱ्यात पडून राहील, याचा कंबरेचा घेर, तंबाखू आणि चालण्याचा वेग यांच्याशी बऱ्यापैकी संबंध दिसतो. ‘न होणं’ आणि ‘त्याने न मरणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतर अनेक कॅन्सरमध्ये त्यांच्यातलं अंतर थोडं असतं, प्रोस्टेटमध्ये ते प्रचंड आहे. ऐंशीच्या आसपास इतर कारणांनी वारलेल्या पुरुषांची शवविच्छेदनं केली, तर निम्म्याहून अधिक जणांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडतात. त्यातल्या बहुतेकांना जिवंतपणी त्याचा पत्ताही नसतो.

स्वयंपाकघरवाल्यांची बाजू पोकळ मात्र नाही. त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा स्थलांतरितांचा आहे. जपानहून अमेरिकेत गेलेल्या लोकांच्या मृत्यूंचा अभ्यास हेन्झेल आणि कुरिहारा यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. मायदेशात दुर्मीळ असलेला प्रोस्टेटचा कॅन्सर अमेरिकेत गेलेल्यांमध्ये वाढलेला दिसला. जीन्स त्याच, देश बदलला आणि रोगाचं प्रमाणही बदललं. आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केलेली मुंबईची कॅन्सर नोंदणी पाहावी. त्याच शहरात, तेच पाणी पिणाऱ्या पारशी समाजात स्तनाचा कॅन्सर इतरांहून बराच जास्त दिसला आणि तोंडाचा बराच कमी. अग्नी पवित्र मानणाऱ्या समाजात धूम्रपान निषिद्ध, लग्नं उशिरा, मुलं कमी. राहणी रोगाचा नकाशा बदलते, हे नशीबवाल्यांनी मान्य करायलाच हवं.

आणखी एक पुरावा ते पुढे करतात तो डीन ऑर्निश यांच्या २००५ च्या प्रयोगाचा. कमी धोक्याचा कॅन्सर असलेले आणि तूर्त उपचार न घेता लक्ष ठेवायचं ठरवलेले ९३ पुरुष, त्यातल्या निम्म्यांना पूर्ण वनस्पतिजन्य आहार, चालणं आणि योगासनं. वर्षभराने त्यांचा पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात उतरणारं प्रथिन) सरासरी ४ टक्क्यांनी उतरला, बाकीच्यांचा ६ टक्क्यांनी चढला. ऐकायला उत्तम. पण ९३ माणसं, एक वर्ष आणि मोजमाप रक्तातल्या एका आकड्याचं. शिवाय आहार, व्यायाम, योग सगळं एकत्र. श्रेय कोणाला द्यायचं, पालकाला की पायांना?

याचं उत्तर २०२० मध्ये आलं. असेच देखरेखीखालचे ४७८ पुरुष घेतले आणि निम्म्यांना दिवसाला भाज्यांचे किमान सात वाटे खायला लावले, त्यात टोमॅटो आणि कोबी-फ्लॉवरच्या जातीच्या भाज्यांवर खास भर. भाज्या त्यांनी खरोखर खाल्ल्या, रक्तातल्या कॅरोटिनॉइड्सवरून, म्हणजे भाज्यांतल्या रंगद्रव्यांवरून, ते तपासलंही गेलं. दोन वर्षांनी कॅन्सर पुढे सरकण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. भाज्या वाईट ठरल्या असं कुणी म्हणणार नाही, हृदय आणि पोट त्यांचे आभारच मानतील. पण त्यांच्यावर जी कामगिरी लादली होती, ती त्यांच्याकडून झाली नाही.

हा झाला निरुपद्रवी भाग. उपद्रवी भाग गोळ्यांचा आहे. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी एक प्रयोग झाला होता. त्यात व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर ३२ टक्क्यांनी कमी दिसला. त्वचेच्या कॅन्सरसाठी केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात सेलेनियमने असंच केलेलं दिसलं. दोन्ही निष्कर्ष वाटेत सापडलेले. मूळ प्रश्न वेगळेच होते. म्हणून २००१ मध्ये ३५,५३३ पुरुषांवर थेट हीच दोन औषधं तपासायला घेतली. २००८ मध्ये प्रयोग थांबवावा लागला, कारण फायदा दिसेना. २०११ मध्ये पुढचा हिशेब आला: व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त. मात्रा होती रोज ४०० युनिट. आपल्या केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळणारी ४०० ची मऊ कॅप्सूल जवळपास हीच. ती केसांसाठी, त्वचेसाठी, पायात गोळे येतात म्हणून वर्षानुवर्षं घेतली जाते, आणि आता ‘प्रोस्टेटसाठी’ही. फॉलिक ॲसिडचीही गोष्ट अशीच. आतड्यातल्या गाठींसाठी झालेल्या एका प्रयोगात रोज १ मिलिग्रॅम घेणाऱ्या पुरुषांत दहा वर्षांत प्रोस्टेट कॅन्सरची शक्यता ९.७ टक्के होती, न घेणाऱ्यांत ३.३. आपल्याकडची नेहमीची गोळी ५ मिलिग्रॅमची असते. डॉक्टरांनी कारण सांगून दिली असेल तर ती बंद करू नये. पण ‘टॉनिक आहे, घ्यायला काय हरकत’ हे वाक्य इथे चालत नाही.

आता वादातला खरा पेच. प्रोस्टेटचा कॅन्सर कमी करणारं एक औषध आहे, आणि ते सिद्धही झालंय: फिनास्टराइड. १८,८८२ पुरुषांच्या प्रयोगात, २००३ मध्ये, सात वर्षांत कॅन्सर सापडण्याचं प्रमाण २४.४ वरून १८.४ टक्क्यांवर आलं. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा घट. जगातल्या कुठल्याही टोमॅटोने असं करून दाखवलेलं नाही. मग प्रत्येक पन्नाशीच्या पुरुषाला ही गोळी का देत नाहीत? कारण २०१३ मध्ये त्याच पुरुषांचा पुढचा हिशेब मांडला गेला. पंधरा वर्षांनी गोळी घेतलेल्यांतले ७८ टक्के हयात होते आणि न घेतलेल्यांतलेही ७८ टक्केच. कॅन्सर कमी झाला, मरणं तेवढीच राहिली. गोळीने मुख्यतः ते कॅन्सर घटवले जे तसेही कुणाला मारणार नव्हते. मूळ आकडाही पुन्हा वाचा: काहीही न घेणाऱ्या, धडधाकट दिसणाऱ्या पुरुषांत, शेवटी सरसकट बायोप्सीची सोय केल्यावर, चारातल्या एकात कॅन्सर सापडला. ‘सापडणं’ हीच फूटपट्टी धरली, तर प्रतिबंधाचा सगळा हिशेब फसतो.

मुंबईने अशी फसगत एकदा फार महागात अनुभवली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्या काळची समजूत अशी की रोग घाणीतून आणि दुर्गंधीतून येतो. म्हणून गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडलं, घरं चुन्याने रंगवली, सामान जाळलं. कष्टांत कसूर नव्हती, पैसा पाण्यासारखा ओतला गेला. पण रोग येत होता उंदरावरच्या पिसवेतून, आणि पॉल-लुई सिमॉन या फ्रेंच डॉक्टरांनी ते दाखवलं १८९८ मध्ये. चुना लावणं वाईट होतं का? मुळीच नाही. पण चुन्याच्या बादल्या मोजून कुणी ‘प्लेगचा बंदोबस्त झाला’ म्हणत असेल तर त्याला काय म्हणावं? टोमॅटोचं सूप ही आपली चुन्याची बादली आहे. टोमॅटोचं सार जरूर करा. तेलाच्या फोडणीत शिजवल्यावर टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य, लायकोपीन, कच्च्यापेक्षा अंगी जास्त लागतं, हे खरंच आहे. फक्त त्याला सार म्हणा, लस म्हणू नका.

मग पिसू कुठे आहे? पहिली जागा पोटावर. जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१४ मध्ये सगळे पुरावे चाळले, तेव्हा टोमॅटोचं नाव ‘संभाव्य संरक्षक’ यादीतून उतरवलं आणि अंगावरची चरबी ‘पसरलेल्या, गंभीर प्रोस्टेट कॅन्सरचं संभाव्य कारण’ म्हणून चढवली. इन्सुलिन आणि त्याच्या भाऊबंद संप्रेरकांचा त्यात हात असावा असं मानलं जातं. त्याशिवाय एक साधी, यांत्रिक अडचण आहे. लठ्ठ माणसाच्या अंगात रक्ताचं एकूण प्रमाण जास्त असतं, त्यामुळे तेवढाच पीएसए त्यात पातळ होतो आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. रोग उशिरा कळतो, आणि ओटीपोटातल्या चरबीमुळे शस्त्रक्रियाही अवघड होते.

घेर मोजताना बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा सविस्तर. शिंप्याचा टेप घ्यायचा, शर्ट वर करायचा. बरगड्यांची शेवटची कड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपायचा; दोन्हींच्या मधोमध टेप, जमिनीला समांतर, कातडीला टेकलेला पण न रुतणारा. श्वास सहज सोडायचा आणि मग आकडा वाचायचा. भारतीय पुरुषासाठी मर्यादा ९० सेंटिमीटर. पँटच्या मापावर विसंबायचं नाही. पोट सुटलं की पँट मुकाट्याने पोटाखाली सरकते. दहा वर्षं ‘माझी चौतीसच’ म्हणणारा गृहस्थ टेप लावल्यावर १०२ निघतो. घेर उतरवायचा तर सुपरफूड शोधण्याआधी तेलाच्या डब्याकडे बघावं. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला वरून घातलेलं तेल-तूप २० ते २५ ग्रॅम पुरतं. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम झालं; आणि ऑफिसखालचा वडापाव, चारची भजी यांचं तेल या हिशेबात आलेलंच नाही.

दुसरी जागा तंबाखू. इथे आकडे फसवतात. धूम्रपानाने प्रोस्टेट कॅन्सर होण्याचं प्रमाण फारसं वाढलेलं दिसत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण २०११ मध्ये, हा कॅन्सर झालेल्या ५,३६६ पुरुषांच्या अभ्यासात, सिगारेट ओढणाऱ्यांचा याच कॅन्सरने मृत्यू होण्याचा धोका ६१ टक्के जास्त आढळला. सोडून दहा वर्षं झालेल्यांचा धोका कधीच न ओढलेल्यांइतका होता. ‘होणं’ आणि ‘मरणं’ यांतला फरक इतका स्वच्छ क्वचित दिसतो. आजोबांच्या बिड्यांचं उत्तरही यातच आहे. नव्वदीला पोचलेले आजोबाच गोष्ट सांगायला उरतात, साठीत गेलेल्यांची नातवंडं ग्रुपवर किस्से टाकत नाहीत.

तिसरी जागा पायांत. देखरेखीतल्या नव्हे, पण ग्रंथीबाहेर न पसरलेला कॅन्सर असलेल्या १,४५५ पुरुषांत, आठवड्याला तीन तास किंवा अधिक झपाट्याने चालणाऱ्यांचा रोग पुढे सरकण्याचं प्रमाण, रमतगमत आणि कमी चालणाऱ्यांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी होतं. झपाट्याने म्हणजे तासाला ३ मैल, अर्थात ४.८ किलोमीटर किंवा जास्त. शिवाजी पार्कचा कट्टा सव्वा किलोमीटरच्या थोडा आत भरतो, तेव्हा एक फेरी पंधरा मिनिटांच्या आत व्हायला हवी. घड्याळ लावून बघा. रोज तासभर ‘वॉक’ करणाऱ्यांपैकी अनेकांचा निम्मा तास कट्ट्यावर बसण्यात आणि ओळखीचा भेटला की थांबण्यात जातो. गप्पा मनाला चांगल्याच, पण त्या तीन तासांत धरू नयेत.

यावर रास्त आक्षेप येईल. बदलापूर-विरारहून सहाच्या लोकलने निघणाऱ्या माणसाला शिवाजी पार्क काय सांगता? आक्षेप मान्य. त्याच्यासाठी हिशेब असा: सीएसएमटीहून मंत्रालयापर्यंत साधारण दोन किलोमीटर, या वेगाने पंचवीस मिनिटं. शेअर टॅक्सीच्या रांगेऐवजी जाता-येता चालला, तर पाच दिवसांत चार तास भरतात. पण त्यासाठी फूटपाथ लागतो. तो खणलेला, पेव्हर उखडलेला किंवा गाड्यांनी भरलेला असेल तर माणूस टॅक्सीतच बसणार. कॅन्सर प्रतिबंधाच्या चर्चेत टोमॅटो येतो आणि फूटपाथ येत नाही, ही मला सगळ्यात खटकणारी गोष्ट आहे.

तरीही कुणी म्हणेल, हे सगळे अभ्यास निरीक्षणाचे. ज्यांची तब्येत बरी तेच भराभर चालतात. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मी इथे ‘सिद्ध झालंय’ हे शब्द वापरत नाही. पण दोन बाजूंचं वजन करा. व्हिटॅमिन ईचा डाव चुकला तेव्हा १७ टक्के कॅन्सर जास्त पदरात पडले. चालण्याचा, घेराचा, तंबाखू सोडण्याचा डाव चुकला तर काय होईल? हृदयविकार टळेल, मधुमेह लांबेल. ब्रिटनमधल्या १,६४३ रुग्णांचा पंधरा वर्षांचा हिशेब २०२३ मध्ये आला: ३५६ जण वारले, त्यातले प्रोस्टेट कॅन्सरने फक्त ४५. बाकीचे इतर कारणांनी गेले. प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर सापडलेल्या माणसानेही आधी हृदयाची काळजी घ्यावी, असं हा आकडा सांगतो.

नशीबवाल्यांना एक उत्तर राहिलं. वडील किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर धोका सुमारे दुप्पट, हे खरं. पण २०२२ च्या एका अभ्यासात सर्वाधिक आनुवंशिक धोक्याच्या पुरुषांचे राहणीनुसार गट केले. कॅन्सर होण्याचं प्रमाण निरोगी राहणीने बदललं नाही. त्या कॅन्सरने जीव जाण्याची आयुष्यभराची शक्यता मात्र वाईट राहणीच्या गटात ५.३ टक्के होती, चांगल्यात १.६. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या राहणीच्या गुणांकनात तंबाखू, वजन आणि व्यायामासोबत टोमॅटो आणि तेलकट मासेही होते. तेव्हा बांगडा आणि तारली आनंदाने खा. फक्त कालवणात, पळीभर तेलात तळून नको.

दुधाचं काय? २०२२ मध्येच आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, दिवसाला सुमारे ४३० ग्रॅम दूधदुभतं घेणाऱ्यांत हा कॅन्सर जवळपास २० ग्रॅम घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २७ टक्के जास्त दिसला. संबंध उडवून लावण्यासारखा नाही. पण दोन कप चहा आणि वाटीभर ताक घेणारा माणूस त्या ४३० च्या जवळही जात नाही. रोज अर्धा लिटर दूध ‘ताकदीसाठी’ पिणाऱ्या साठीच्या गृहस्थांनी ते कमी करावं; चहावरून घरात भांडण नको. भोपळ्याच्या बियांबद्दल तर एवढंच: चिवड्यात छान लागतात.

राहिला प्रश्न शिबिरांचा. साधं सोपं काहीतरी सांगायला हवं, लोकांना आकडे कळत नाहीत, असं आयोजक म्हणतात. कंबरेचं माप टोमॅटोपेक्षा अवघड आहे का? आज शिबिरात होतं असं: आहाराचं पत्रक हातात, मग येईल त्याच्या रक्तातून सरसकट पीएसए. ज्याला लघवीचा त्रास तो घाबरून पुढे येतो आणि ज्याला नाही तो निर्धास्त घरी बसतो. खरं तर सुरुवातीचा कॅन्सर बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात वाढतो, मूत्रमार्गापासून दूर, म्हणून लक्षणं देत नाही. रात्री चारदा उठवणारी असते ती साधी वाढलेली प्रोस्टेट. पीएसएच्या विरोधात मी नाही. युरोपातल्या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले आहेत. पण सुई टोचण्याआधी एक फॉर्म भरून घ्यायला पाच मिनिटं लागतात. वय सत्तरच्या वर आहे का? असेल तर बहुधा चाचणीची गरज नाही. गेल्या सहा-आठ आठवड्यांत लघवीचा संसर्ग झाला होता का? गेल्या दोन दिवसांत सायकल चालवली, वीर्यस्खलन झालं? आकडा उगाच चढतो. लघवीसाठी रात्रीची गोळी चालू आहे का, आणि तिच्यात फिनास्टराइड किंवा ड्यूटास्टराइड आहे का? सहा महिने-वर्षभर घेतली असेल तर पीएसए निम्मा दिसतो, रिपोर्टवरचा २.६ हा ५.२ समजायचा. वडिलांना, भावाला हा कॅन्सर? आई-बहिणीला स्तनाचा किंवा बीजाशयाचा? हा प्रश्न पुरुषांच्या शिबिरात कुणी विचारत नाही, पण बीआरसीए-२ या जनुकातला दोष आईकडूनही येतो. तंबाखू चालू असेल तर पुढे १८००-११२-३५६ हा सोडवणुकीचा मोफत क्रमांक छापलेला. आणि या सगळ्याच्या वर, नाव आणि वयाच्या लगेच खाली, एक रिकामी चौकट: कंबर ___ सेंमी.